हॉलचं मागचं दार

गिरणीत आलेल्या माणसाला काही विचारल्याशिवाय मी सोडत नाही. ही माझी खोड सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हैस व्याली का, लेकीचं कुठं जमलं का, सुनेचा मोबाईल चार दिवस बंद का लागतोय, सगळं मला हवं असतं. मोटार सुरू असली की माणसाला ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून खोटं बोलणं फार जड जातं, असा माझा अनुभव आहे. घरात मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. याच भोचकपणाला एकदा आमच्या ग्रामपंचायतीनं रीतसर ठराव करून मान्यता दिली होती, त्याची ही हकिकत.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, तिसगावच्या पुढं. पाऊस पडला तर बाजरी, तूर, थोडाफार कांदा. आणि ज्यांचं त्यावर भागत नाही ते दसरा झाला की कोयते बांधून ऊसतोडीला जातात. माणसं मात्र नाना तऱ्हेची. वरच्या आळीत शेतकरी, ओढ्याकडं धनगरवाडा, बाजारतळामागं मुसलमानांची घरं, पेठेत मारवाड्याचं किराणा दुकान, माळाच्या कडेला ऊसतोड्यांची वस्ती आणि विहाराभोवती आम्ही बौद्ध. एवढ्याशा गावात सभागृहं चार. एक आमच्या विहाराला लागून, एक वर मारुतीसमोर, एक दर्ग्याजवळ पत्र्याचं, आणि एक धनगरवाड्यात, त्याला अजून खिडक्या बसायच्या आहेत. ज्याचं त्याचं कुलूप निराळं. आपल्यात कार्य निघालं की आपलं उघडायचं, एरवी चारही बंद.

गिरणी माझ्या सासऱ्यांनी टाकलेली. ते नगरला एमआयडीसीत कामाला होते. ती नोकरी सुटली तसे पैसे घेऊन गावी आले आणि मोटार बसवली. पहिली दोन वर्षं आमच्याच लोकांची दळणं यायची. वरच्या आळीतल्या बाया डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारावरून पलीकडच्या गिरणीत जायच्या. मग ऐन पावसाळ्यात त्या गिरणीची मोटार जळाली. "फकस्त आजच्या दिवस बरं का," असं म्हणत एक म्हातारी आमच्या उंबऱ्यात आली. तिचा तो आजचा दिवस अजून चालूच आहे, आता तिच्या नातसुना येतात. गिरणीत आधीच्याचं चिमूटभर पीठ मागच्याच्या डब्यात जातंच. त्याला मी काही करू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर कधी करायलाही गेले नाही.

तर गुरांचा दवाखाना मोठ्या रस्त्याला गेला आणि बाजारतळाशेजारची त्याची जागा मोकळी पडली. भिंती धड होत्या, मागं औषधं ठेवायची एक खोली होती, अंगणात गुरं अडकवायचा लोखंडी खोडा होता. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदनाची जिलेबी खाता खाता कुणीतरी म्हणालं, तिथं सगळ्या गावाचा मिळून एक हॉल करू. जिलेबीचा परिणाम असेल, कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या सरपंच बाई आहेत, पण सभेत त्यांचे मालक बोलतात. बाई शेजारच्या खुर्चीत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत असतात. मालक म्हणाले, "कुणाला काय पायजे ते घरोघर इचारावं लागंल. हे काम गिरणीवाल्या बाईला द्या. न्हाई तरी इचारतीच." सगळे खो खो हसले आणि ठराव पास झाला.

मी कुठली घरोघर जाते? मी गिरणीतच बसून विचारलं. दळण आल्याशिवाय कोण राहणार?

काय काय ऐकलं म्हणून सांगू! किराणावाले शेठ म्हणाले, "बाई, स्वयंपाकघरं दोन करा, एक आमचं साधं, बिनमटणाचं." मी म्हटलं, "शेठ, तुमच्या गव्हाच्या आधी आज चाचांची बाजरी पडलीय." ते म्हणाले, "ते मी बघितलं न्हाई, आन् तुमी सांगितलं न्हाई." चाचा, म्हणजे मटणाचं दुकान चालवणारे, त्यांचं मत असं की चुली किती का मांडा, मोरी मोठी ठेवा, कारण खरकटं सगळ्यांचं सारखंच तुंबतं. मिल्ट्रीतून रिटायर होऊन आलेल्या फौजीला दंडबैठका मारायला ओटा हवा होता. पोरांना वायफाय हवं होतं. धनगरवाड्यातली एक आजी, तोंडात दात नाही पण आवाज वाड्यापासून ओढ्यापर्यंत जाईल असा, ती म्हणाली, "वसरी रुंद ठेव. आत बसनारे बसतील, आमी भाईरच बसनार." मी विचारलं, "का म्हणून बाहेर? हॉल तुमचा पण आहे." तर म्हणते, "आगं, आत करमत न्हाई. माजा जलम मेंढरांमागं गेला, भिंती दिसल्या का जीव घाबरा हुतो."

मला हे सगळं फार आवडायला लागलं होतं. वर्षानुवर्षं मी या माणसांना विचारत आले, पण ते घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. जे अजून झालंच नाही त्याबद्दल विचारलं की माणूस वेगळाच दिसतो. शेठसारखा चिक्कू माणूस छताला झुंबर लावा म्हणाला.

भांडण पेटलं ते फोटोंवरून. भिंतीवर कुणाचा फोटो? ज्याला त्याला आपापल्या महापुरुषाचा हवा, आमच्या लोकांनाही हवाच होता, मी काही वेगळी नाही. मुसलमान म्हणाले, आम्हाला भिंत मोकळी हवी. हॉलसाठी नेमलेल्या कमिटीच्या तीन बैठका या एका विषयावर गेल्या आणि तिसरीत फौजीनं खुर्ची आपटली. शेवटी मीच म्हटलं, फोटो नकोच, नुसते खिळे ठोका. ज्याचं कार्य त्यानं आपला फोटो आणायचा, अडकवायचा, कार्य झालं की घरी न्यायचा. हे सगळ्यांना पटलं. हुश्श म्हणून उठतोय तर मारुतीच्या आळीतला एक जण म्हणाला, "ते ठीक हाय, पण मधला खिळा कुणाचा?" घ्या! अर्धा तास त्याच्यावर. मग खिळे सम संख्येत ठोकायचे ठरलं, म्हणजे मधला खिळाच उरला नाही. आजही त्या भिंतीवर सहा खिळे आहेत, मध्ये बोडकी जागा.

असं सगळ्या गावाचं मत गोळा झालं असं आम्ही समजत होतो. पाडव्याच्या सुमाराला ऊसतोड्यांचे ट्रक परत आले. दुसऱ्याच दिवशी माळावरच्या वस्तीतली एक बाई दळण घेऊन आली. माझ्याहून बरीच लहान, बोलायला कमी. उन्हानं चेहरा पार करपलेला, हातावर उसाच्या पाचटाचे चरे. हॉलची गोष्ट तिनं वाटेत ऐकली होती. पाटी टेकवून म्हणाली, "ताई, समद्या गावाला इचारलं म्हनं. आमाला कवा इचारलं?"

तिची वस्ती म्हणजे गावाचा चांगला तिसरा हिस्सा. पण सव्वीस जानेवारीला ती माणसं कधीच गावात नसतात, पार खाली कोल्हापूर-सांगलीकडं कुठंतरी उसाच्या फडात असतात. गावचे सगळे मोठे ठराव जानेवारीच्या सभेत होतात, आणि ऊस काही झेंडावंदनासाठी थांबत नाही. इतकी वर्षं हे असंच चाललेलं आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ठरावावर मात्र दरवेळी "सर्वानुमते".

"आत्ता विचारते," मी म्हटलं. "काय पाहिजे तुला हॉलमध्ये?"

तिनं मोटार थांबायची वाट बघितली. एवढं एकच माणूस मला भेटलं, ज्यानं मोटार बंद होईपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "मला हॉल नगं. पोरगी ठिवायला जागा पायजे."

तिला दोन मुलं. मुलगा लहान, तो त्यांच्याबरोबर फडावर जायचा. मुलगी आमच्या शाळेत, जूनपासून आठवीत जाणारी. दरसाल ती आजीजवळ राहायची. यंदा आई-बाप कारखान्यावर असतानाच ती आजी वारली. पोरीनं उरलेले दिवस कसेबसे चुलतीकडं काढले, पण चुलतीही पुढच्या साली कोयत्याला जाणार. शाळेत हंगामात जेवणाची सोय असते, पण रात्री झोपायचं ज्याच्या त्याच्या घरी, आणि घराला तर कुलूप. म्हणजे दसऱ्यानंतर पोरगी आई-बापांबरोबर ट्रकमध्ये. आणि चौदाची पोरगी एकदा कोपीवर, म्हणजे फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीत, गेली की पुढचं सगळ्यांना माहीत असतं. तिथं दार नसतं, आडोसा नसतो. आई दिवसभर फडात. मग "नजरंसमोर हाय तवर उजवून टाका" असं चार जण सांगतात, आणि शाळेऐवजी लग्न.

"माजं बी तसंच झालं हुतं," ती म्हणाली. "मी सातवी पास हाय ताई." आणि पीठ घेऊन गेली. मला त्या दिवशी पुढचं दळण नीट दिसेना. राग कुणाचा येत होता तेही कळेना, पण आला होता सडकून.

कमिटीत मी म्हटलं, औषधांची मागची खोली पोरांना झोपायला ठेवू, तिला न्हाणी-संडास जोडू, सहा महिने वस्तीवरची पोरं तिथं राहतील. सरपंचांचे मालक म्हणाले, "हॉल लग्नाकार्याला का पोरं सांभाळायला? उद्या म्हनाल, गुरं बी बांधा." मी म्हटलं, "गुरांचाच होता की आधी. त्यांनी काही तक्रार केली नाही." चाचा मोठ्यानं हसले. सरपंच बाईंच्या ओठाचा कोपरा हलला, तो मी बघितला. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं: खोली करा, पण तिचा खर्च तुमचा तुम्ही उभा करा.

पुढच्या बाजूच्या मोठ्या हॉलच्या निधीसाठी आम्ही नगरला गेलो, एका कचेरीत. मालक, फौजी, मी. तिथला तरुण कारकून फार सज्जन होता, त्यानं आम्हाला चहाही पाजला. त्यानं कॉम्प्युटर उघडून विचारलं, "कोणत्या समाजाचं सभागृह?"

"गावाचं," मालक म्हणाले.

"हो, पण कोणत्या समाजाचं?"

"सगळ्या."

तो खाली-वर शोधत बसला. "सगळ्या, असं यात येत नाही हो." मला राहवेना. मी म्हटलं, "बघू तरी काय काय येतं." त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. बाई बाई, केवढं ते! आमचा समाज होता, फौजीचा होता, ज्यांची नावं मी जन्मात ऐकली नव्हती तेही होते. मी सगळं वाचून काढलं, मागं दोन माणसं खोळंबली तरी. एखाद्या समाजावर टिचकी मारली असती तर काम झालं असतं, आणि हॉलवर त्या एका समाजाची पाटी लागली असती. मग पाचवं कुलूप. आम्ही तिघंही उठलो. येताना एसटीत फौजी सगळ्या सरकारला शिव्या देत होता आणि मी विचार करत होते, की एवढ्या हुशार माणसांनी एवढं सगळं लिहिलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकालाही "गाव" सुचलं कसं नसेल?

शेवटी एका पुढाऱ्यानं आपल्या निधीतून पुढचा हॉल आणि छत करून द्यायचं कबूल केलं. अट एकच, उद्घाटन त्यांच्या हातून. त्यात काही वावगं नव्हतं. ज्याचा नारळ त्यानं फोडावा.

मागच्या खोलीसाठी मी गिरणीत एक पिंप ठेवलं. दळणाला येईल त्यानं आपल्या पाटीतलं ओंजळभर धान्य त्यात टाकायचं. कुणाला जड नाही, कुणाला सांगायला नको. कल्पना माझी, आणि मी स्वतःवरच खूश होते. पिंप भराभर भरलं. बाजरी, ज्वारी, गहू, हरभरा, मटकी, तूर. एकानं तर मूठभर मेथ्या टाकल्या. महिनाभरानं विकायला काढलं तेव्हा माझे डोळे उघडले. अहो, असं सरमिसळ धान्य घेतो कोण? शेठनी हात घालून बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे कोंबड्या खातील." पोल्ट्रीवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून तर मला रडूच आलं. इतकी वर्षं धान्यात हात असलेली बाई मी, आणि वेगवेगळी पिंपं ठेवावीत एवढं मला सुचू नये!

पिंपाशी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात ती धनगरवाड्यातली आजी आली. तिनं ओंजळभर धान्य घेतलं, फुंकलं, म्हणाली, "आगं येडे, ही तर भाजनी हाय. भाज आन् दळ."

आता कुणी म्हणेल, वा, काय पण योग, सगळ्या गावाचं धान्य एका थालीपिठात. तसलं काही मनात यायला मला सवड नव्हती. बाजरी फार, उडीद मुळीच नाही, धने-जिरे विकत आणायचे, आणि चाळणीनं चाळून बाजरी कमी करायची. आजी, माळावरची ती बाई, तिची मुलगी, चाचांच्या घरच्या दोघी, सगळ्या निवडायला बसायच्या. मुलगी निवडता निवडता पुस्तक मांडीवर ठेवायची आणि खडे पुस्तकावर जमा करायची. एकदा मी तिला विचारलं, "तुला काय व्हायचंय गं?" तर म्हणाली, "आधी नववीत जायचंय." बरोबर बोलली.

भाजणी आम्ही नगरला पाठवायचो, माझ्या नणंदेच्या कॉलनीत. तिथल्या बायका फोन करायच्या, "मागच्या वेळेसारखीच पाठवा." कुठून पाठवू? पिंपात जे पडेल ते. एका खेपेला थालीपीठ तुटायचं, दुसऱ्या खेपेला दगडासारखं. तरी खपली. पावसाळा संपेतो मागच्या खोलीला न्हाणी झाली, फरशी झाली, दाराला आतून भक्कम कडी लागली. कडी बसवताना त्या बाईनं ती चार वेळा लावून काढून बघितली.

पुढचा हॉलही झाला. रंग लागला, सहा खिळे ठोकले, रुंद वसरी झाली. शेठनी खरंच एक छोटं झुंबर दिलं. पुढच्या दारावर लाल रिबीन बांधली, पुढं-मागं कुलूप लावलं आणि आम्ही उद्घाटनाच्या तारखेची वाट बघत बसलो. पहिली तारीख साहेबांना मुंबईला जावं लागलं म्हणून हुकली. दुसरी जवळच्या गावात कुणीतरी वारलं म्हणून. तिसरी ठरायच्या आत आचारसंहिता लागली. ग्रामसेवक म्हणाले, आता निवडणूक होईपर्यंत काही हलायचं नाही. दसरा तर होऊन गेला होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू झाले होते.

इथं गिरणीतली एक गोष्ट सांगायला हवी. टोळी निघायच्या आधी बाया वाटेचं दळण आणतात. तिकडं पोचलं की कोपी उभी करायची, सरपण शोधायचं. सुरुवातीला गिरणी बघायला सवड नसते, म्हणून पीठ घरून न्यायचं. कुणाची पाटी किती जड, त्यावरून घरातलं कोण कोण चाललंय ते मला कळतं. न विचारता कळावं अशी माझ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट आहे.

ती आली. दरसालची तिची पाटी मला माहीत होती, नवरा-बायको आणि एक लहान पोर. मी पाटी उचलायला मदत केली आणि माझा हात खाली गेला. चौथ्या माणसाचं धान्य होतं त्यात. मी काही विचारलं नाही. दोघी मोटारीच्या पट्ट्याकडं बघत उभ्या राहिलो आणि पीठ पडत राहिलं.

ती गेली तशी मी मोटार बंद केली, पिठाच्या हातांनीच पंचायतीत गेले. तिथं ग्रामसेवक, मालक आणि बाई तिघंही होते.

"कुलूप उघडा," मी म्हटलं. "पोरं परवा उघड्यावर पडतील."

"बाई, आचारसंहितेत उद्घाटन चालत नाही," ग्रामसेवक म्हणाले.

"उद्घाटन चालत नाही. बरं. मग झोपणं चालतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे झोपायला मनाई आहे का? तसं कुठं लिहिलंय का? मला दाखवा, मी वाचते. मला वाचायला आवडतं."

ग्रामसेवकांनी मोबाईल काढला, खाली-वर केलं, परत खिशात ठेवला. म्हणाले, "तसं झोपण्याबद्दल काही नाही." मालक उसळले, "आवो, पन साहेबांच्या आधी आत पाय टाकला तर ते काय म्हनतील? अजून कंपाउंडचं पैसं त्यांच्याकडनंच यायचं हायती!" आणि ते मला समजावायला लागले, की पोरं काय कुठंही राहतील, एका साली काय होतंय, गावाचा विचार करावा लागतो. माझा आवाज चढला. त्यांचा त्याहून चढला.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सरपंच बाई उठल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कोपऱ्यातला झाडू घेतला.

"कुठं निघालीस?" मालकांनी विचारलं.

"झाडायला," बाई म्हणाल्या. "साहेब येतील तवा धूळ झाडाया नगं का?"

त्या पुढच्या दाराला गेल्याच नाहीत. रिबीन जशीच्या तशी, कुलूप जसंच्या तसं. त्या वळसा घालून मागं गेल्या आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. ती खोली गावच्या भाजणीची होती, तिथं साहेबांचा एक पैसा नव्हता. बाई झाडत होत्या, मी पाणी मारत होते, आणि हसू आवरत नव्हतं आम्हाला. एवढ्या वर्षांत त्या बाईशी मी पहिल्यांदा पोटभर बोलले. ग्रामसेवक येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, मी काही बघितलं नाही. म्हटलं, शेठचे गुरू दिसता.

उद्घाटनाचं सांगून टाकते. निवडणूक झाली, साहेब आले, पुढची रिबीन कापली, भाषण केलं. तोवर पोरं मागच्या दारानं ये-जा करत कितीतरी दिवस राहिली होती आणि अंगणातल्या खोड्याला लोंबकळून त्यांनी त्याचा रंग घालवला होता. धनगर आजी त्यांच्या सोबतीला वसरीत झोपायची, आत नाहीच. म्हणायची, मेंढरांपरीस ही बरी, मोजायला सोपी.

पण मला आठवते ती टोळी निघायच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. ती बाई परत गिरणीत आली, दळलेलं पीठ घेऊन. बरोबर मुलगी होती, रिकामा डबा धरून. "पोरीचं काढून ठिवायचंय," ती म्हणाली. "हाटेलात जेवल्यावानी नगं. घरचं पीठ आसूं दे तिच्याजवळ."

शाळेतून जेवण मिळणार होतं, गावातून भाकरी मिळणार होती, हे तिला मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि पाटी खाली ठेवली. मी काटा पुढं केला, एका माणसाचं वजन करून देते म्हटलं. तिनं काटा बाजूला सारला. खाली बसली आणि ओंजळीनं पीठ काढून डब्यात घालायला लागली. एका माणसाचं झालं. ती काढतच होती. दोन माणसांचं झालं. मुलगी म्हणाली, "आई, बास."

"अगं बाई," मी म्हटलं, "तुम्हा तिघांना काय राहील? दोन दिवसांत पाटी रिकामी होईल तुझी."

"हूं द्या," ती म्हणाली. "वाढत्या अंगाची हाय ती." आणि डबा हलवून, पीठ खाली बसवून, तिनं आणखी एक ओंजळ भरली.